दोन पायांचा रोबो एक पाय उचलताच कोलमडतो : पायांची ताकद कशी वाढवावी?

प्रश्न : विज्ञानशिक्षिका_सांगली

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या शाळेतील अटल टिंकरिंग लॅबमध्ये इयत्ता नववीच्या सहा विद्यार्थ्यांनी गेल्या चार महिन्यांत दोन पायांवर चालणारा रोबो बांधला आहे. प्रत्येक पायात पाच, असे एकूण दहा एमजी९९६आर सर्व्हो (सांगितलेल्या कोनात फिरून तेथेच थांबणाऱ्या मोटरी) आहेत: कंबरेशी दोन (एक पाय बाजूला झुकवणारा, दुसरा पुढे-मागे नेणारा), गुडघ्यात एक आणि घोट्यात दोन. ब्रॅकेट बाजारात तयार मिळणारे अ‍ॅल्युमिनियमचे आहेत. मेंदू म्हणून अर्डुइनो उनो, सर्व्हो चालवण्यासाठी पीसीए९६८५ हा सोळा चॅनेलचा बोर्ड आणि विजेसाठी जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले दोन १८६५० सेल एकापुढे एक जोडलेले आहेत. त्यांचा दाब एलएम२५९६ मॉड्यूलने ५ व्होल्टवर आणला असून उनोलाही वीज तेथूनच दिली आहे.

दोन्ही पायांवर रोबो उभा राहतो, फक्त गुडघे किंचित थरथरतात. मात्र एक पाय उचलण्याची आज्ञा दिली की तो पाय जमिनीवरून सुटत नाही, घासत पुढे सरकतो, आणि दोन-तीन सेकंदांत संपूर्ण रोबो उचललेल्या पायाच्या बाजूला कलंडतो. काही वेळा त्याच क्षणी उनो पुन्हा सुरू होतो आणि सगळे सांधे झटका मारून मूळ स्थितीत जातात. विद्यार्थ्यांचे ठाम मत आहे की पायांत ताकद नाही, म्हणून दहाही सर्व्हो बदलून २५ किलोचे, म्हणजे आसापासून एक सेंटिमीटरवर २५ किलो पेलणारे, घ्यावेत. तेवढा निधी आमच्याकडे शिल्लक नाही आणि तो खर्च करूनही दोष तसाच राहिला तर मुलांचा हिरमोड होईल, अशी मला भीती वाटते.

मापे देते: स्वयंपाकघरातील काट्यावर एकूण वजन १५२० ग्रॅम भरले. एका पायाचे वजन साधारण ४७० ग्रॅम आहे. मांडी आणि नडगी प्रत्येकी ७ सेंटिमीटर, दोन्ही पायांच्या मध्यरेषांमधील अंतर ९ सेंटिमीटर, पाऊल ५ सेंटिमीटर रुंद व १० सेंटिमीटर लांब, ३ मिलिमीटर जाडीच्या अ‍ॅल्युमिनियम पत्र्याचे. पाय उचलण्यापूर्वी आम्ही रोबोला ६ अंश बाजूला झुकवतो. उभे राहताना मांडी उभ्या रेषेशी ३० अंशांत असते. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : तारजोड

मॅडम, उनो पुन्हा सुरू होतो हे आपण ओघात लिहिले आहे, पण माझ्या मते तपासाची सुरुवात तेथूनच झाली पाहिजे, कारण बोर्ड आपण होऊन रीसेट होत असेल तर त्या क्षणी दाब कोसळलेला असतो, आणि दाब कोसळला की सर्व्होची ताकदही जवळपास त्याच प्रमाणात उतरते. एमजी९९६आरच्या माहितीपत्रकात ४.८ व्होल्टला ९.४ आणि ६ व्होल्टला ११ किलो-सेंटिमीटर (आसापासून एक सेंटिमीटरवर पेलले जाणारे किलो) असे आकडे असतात. हे आकडे सर्व्हो पूर्ण अडकलेला असतानाचे आहेत, आणि त्या अवस्थेत एकटा सर्व्हो अडीच अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो. आपले एलएम२५९६ मॉड्यूल जास्तीत जास्त ३ अँपिअरचे आहे. त्यावर उष्णता काढून घेणारी पट्टी नसेल तर दोन अँपिअरच्या पुढे त्याचा भरवसा धरू नये. म्हणजे दहा सर्व्होंना मिळून एका सर्व्होपुरती वीज मिळते आहे.

सेलचीही तीच कथा. लॅपटॉपचे सेल दीर्घकाळ थोडा थोडा प्रवाह देण्यासाठी बनवलेले असतात. ते जुने झाल्यावर त्यांचा अंतर्गत रोध वाढतो आणि एकदम जास्त प्रवाह मागितला की दाब खाली बसतो.

मल्टिमीटरचे टोक बॅटरीला लावून दाब मोजू नका, कारण तेथे सगळे ठीकच दिसेल. गुडघ्याच्या सर्व्होच्या कनेक्टरपाशी, रोबो एका पायावर असताना मोजा. ४.५ व्होल्टच्या खाली आकडा गेला तर पुढील बदल करावेत. बॅटरी म्हणून दोन सेलचा २२०० मिलिअँपिअर-अवर, २५सी प्रतीचा (एकदम जास्त प्रवाह देऊ शकणारा) लिपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर संच, घ्यावा. त्याला बॅलन्स चार्जरच (प्रत्येक सेल सारखा भरणारा) वापरावा आणि शाळेत तो चार्ज होत असताना मोठे माणूस जवळ असावे, ही अट मी विनोदाने लिहीत नाही. दाब ६ व्होल्टवर आणण्यासाठी किमान १० अँपिअरचा यूबेक (दाब कमी करणारे तयार मॉड्यूल) घ्यावा. पीसीए९६८५ बोर्डावरील तांब्याच्या अरुंद रेषांमधून दहा मोठ्या सर्व्होंचा प्रवाह नेऊ नये: सर्व्होंच्या लाल आणि तपकिरी तारा वेगळ्या काढून प्रत्येक पायाला यूबेकपासून स्वतंत्र, साधारण दीड चौरस मिलिमीटरची मऊ वायर द्यावी आणि बोर्डाकडून फक्त सिग्नल घ्यावा. ऋण बाजू मात्र सर्वांची एकत्रच हवी, नाहीतर सर्व्हो वेड्यासारखे वागू लागतात. प्रत्येक पायाच्या जोडणीपाशी २२०० मायक्रोफॅरडचा, १६ व्होल्टचा कपॅसिटर लावल्यास क्षणिक झटके सौम्य होतात. उनोला वीज वेगळ्या छोट्या रेग्युलेटरमधून द्यावी.

गुडघ्यांची थरथर बहुधा यानेच निम्मी होईल. राहिलेली निम्मी यांत्रिक असते. तो माझा प्रांत नाही.

उत्तर : हौशी_उडाण

मी ड्रोन आणि आरसी (रिमोटवर उडणारी) विमाने बनवतो. वरील उत्तर योग्य आहे, पण विद्यार्थ्यांचेही अगदीच चूक नाही. २५ किलोचा डिजिटल सर्व्हो वजनाला साधारण ६० ग्रॅम असतो, म्हणजे एमजी९९६आरपेक्षा अवघा पाच ग्रॅम जास्त, आणि त्याच मापाच्या ब्रॅकेटमध्ये बसतो. शिवाय एमजी९९६आर या नावाने बाजारात ज्या नकला मिळतात त्यांपैकी कित्येक छापील आकड्याच्या जवळपासही जात नाहीत. पैसे असतील तर सर्व्हो बदलून मोकळे व्हावे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

उत्तर : जुना_लेथमास्तर

मी चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये एकतीस वर्षे काढली. निवृत्तीनंतर नातवासोबत असाच एक दोनपायी रोबो बांधला आणि तो सहा महिने पडत होता, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

हौशी_उडाण यांच्या सूचनेला माझा विरोध नाही, पण दहाच्या दहा सर्व्हो बदलण्याआधी कोणत्या सांध्यावर किती भार येतो हे कागदावर काढले पाहिजे. बाईंनी सगळी मापे दिली आहेत, त्यामुळे हे काम सोपे आहे. सर्वांचे लक्ष गुडघ्याकडे जाते, कारण तो वाकलेला दिसतो. एका पायावर उभे असताना त्या गुडघ्याच्या वर, नडगी आणि पाऊल वगळून, साधारण १.२७ किलो वजन असते. मांडी ३० अंशांत असल्यामुळे गुडघा भाररेषेपासून ३.५ सेंटिमीटर पुढे येतो. गुणाकार केला की सुमारे ४.४ किलो-सेंटिमीटर.

आता कंबरेचा तो सर्व्हो पाहा, जो पाय बाजूला झुकवतो. एका पायावर उभे राहिल्यावर त्या एका सांध्याला वरचे धड आणि लोंबकळणारा दुसरा पाय, असे दोन्ही पेलायचे असतात. धडाचे ५८० ग्रॅम त्या सांध्यापासून साडेचार सेंटिमीटरवर आहेत आणि दुसऱ्या पायाचे ४७० ग्रॅम पूर्ण नऊ सेंटिमीटरवर. दोन्ही गुणाकारांची बेरीज ६.८ किलो-सेंटिमीटर होते, म्हणजे गुडघ्याच्या दीडपट! सर्व्होकडून सतत धरून ठेवण्याचे काम घ्यायचे असेल तर त्याच्या स्टॉल टॉर्कच्या (पूर्ण अडकलेला असतानाच्या ताकदीच्या) एकतृतीयांशापलीकडे सहसा जाऊ नये, हा माझा ठोकताळा आहे. आपण त्याच्याकडून दुपटीहून अधिक काम मागत आहात, आणि तेही उपाशी ठेवून. म्हणून तो खचतो, कंबर उचललेल्या पायाच्या बाजूला खाली येते, आणि गुडघा वाकवून पाऊल जेवढे वर घेतले जाते तेवढेच कंबरेसोबत खाली येते. मुलांना पाय उचलला जात नाही असे वाटते. खरे तर पाय उचलला जातो, कंबर पडते.

यावर सर्वांत स्वस्त उपाय पाय जवळ आणणे हा आहे. मध्यरेषांमधील अंतर ९ वरून ६.५ सेंटिमीटर केले तर तोच आकडा ६.८ वरून ४.९ वर येतो, त्यासाठी कंबरेच्या पट्टीला चार नवी भोके पाडावी लागतील, एवढेच. पावले एकमेकांवर आदळू नयेत म्हणून घोटा पावलाच्या मधोमध न ठेवता आतल्या कडेकडे सरकवावा, म्हणजे पावलाचा जास्त भाग बाहेरच्या बाजूला जाईल. दुसरा उपाय वजनाचा. वरच्या हिशेबात धडाचा एक ग्रॅम साडेचारने गुणला जातो आणि पायाचा एक ग्रॅम नऊने, म्हणजे पायातून काढलेला एक ग्रॅम धडातून काढलेल्या दोन ग्रॅमांच्या तोडीचा आहे. आपले अ‍ॅल्युमिनियमचे पाऊल चाळीस ग्रॅमांच्या आसपास भरेल. त्याच मापाचे ६ मिलिमीटर प्लायवूडचे पाऊल त्याच्या निम्म्याहून कमी वजनात होईल आणि ते वाकणारही नाही. तिसरा उपाय गुडघ्याचा: मांडी ३० ऐवजी १५ अंशांत ठेवून उभे राहिले तर गुडघ्यावरील भार ४.४ वरून २.३ वर येतो. पाय पूर्ण सरळ मात्र ठेवू नये, कारण मग पाय लांब करायला जागाच उरत नाही आणि चाल काठ्यांवर चालल्यासारखी होते.

एवढे करूनही कंबरेचे ते दोन सर्व्हो कमी पडले तर फक्त ते दोन बदलावेत. त्याआधी जुन्यांची परीक्षा घ्या. सर्व्हो शिकंज्यात घट्ट धरून त्याच्या हॉर्नला (आसावर बसणाऱ्या चकतीला) आडवी पट्टी लावा, आसापासून बरोबर दहा सेंटिमीटरवर दोरीने बाटली टांगा आणि तीत पाणी ओतत जा. अर्धा लिटर पाणी म्हणजे पाच किलो-सेंटिमीटर. ही परीक्षा मुलांना फार आवडते आणि नकली सर्व्हो त्यात लगेच उघडे पडतात. दहांपैकी जे सर्वांत दमदार निघतील ते कंबरेला लावा आणि सर्वांत अशक्त घोट्यात पुढे-मागे हलणाऱ्या जागी. आम्ही दहापैकी तीन सर्व्हो असेच नुसते जागा बदलून कामाला लावले.

राहिली ढिलाई. यू आकाराचा ब्रॅकेट एका बाजूला हॉर्नवर आणि दुसऱ्या बाजूला कप बेअरिंगवर टेकलेला असतो. ते बेअरिंग बसवण्याचा कंटाळा केला तर सगळा भार हॉर्नच्या एका बाजूवर येतो आणि सर्व्होच्या आतील आस तिरका ओढला जातो. प्लास्टिकचे हॉर्न असतील तर पंचवीस दात्यांचे धातूचे घ्यावेत आणि मधला स्क्रू घट्ट आहे ना ते पाहावे. घोट्यात एक अंश ढिलाई असली तरी वीस सेंटिमीटर उंचीवर कंबर साडेतीन मिलिमीटर सरकते. असे चार सांधे एकापाठोपाठ आले की रोबो कोठे उभा आहे हे कोणालाच सांगता येत नाही, प्रोग्रामला तर नाहीच.

उत्तर : फिजिओ_मिरज

रोबोतील मला काही कळत नाही, मुलगी हा धागा वाचत होती म्हणून डोकावले. लेथमास्तरांनी वर्णन केलेला दोष आम्ही रोज माणसांत पाहतो. एका पायावर उभे राहिल्यावर दुसऱ्या बाजूची कंबर खाली पडते, त्याला ट्रेंडेलेनबर्ग लक्षण म्हणतात, आणि त्याचे कारण उभ्या पायाच्या कुल्ल्याच्या बाजूचे स्नायू, मुख्यतः ग्लुटिअस मिडिअस, अशक्त असणे हे असते. रुग्णही हेच सांगतात की पाय उचलत नाही, आणि पायाची ताकद तपासली तर ती उत्तम असते. अशी माणसे बऱ्याचदा धडच उभ्या पायाकडे कलते करून चालतात, म्हणजे भार सांध्याच्या जवळ येतो आणि स्नायूला कमी कष्ट पडतात. आपल्या रोबोला धड कलवता येत असेल तर ही युक्ती उपयोगी पडावी.

उत्तर : पायरीपायरीने

यांत्रिक भाग लेथमास्तरांनी पूर्ण केला आहे, त्यामुळे मी फक्त चालीबद्दल लिहितो.

बाईंनी सहा अंश झुकवतो असे लिहिले आहे. घोट्यापासून कंबरेपर्यंतची उंची वीस सेंटिमीटर धरली तर सहा अंशांत कंबर बाजूला २.१ सेंटिमीटर सरकते. पाऊल मध्यरेषेपासून साडेचार सेंटिमीटरवर आहे आणि घोट्याच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच सेंटिमीटर पसरलेले आहे, म्हणजे त्याची आतली कड मध्यरेषेपासून दोन सेंटिमीटरवर येते. थोडक्यात, गुरुत्वमध्य पावलाच्या कडेच्या आत केवळ एक मिलिमीटर येतो आणि कंबर जरा खचली की बाहेर जातो. सर्व्हो कितीही ताकदीचे असते तरी हा रोबो पडलाच असता. सध्याच्या मापांत गुरुत्वमध्य बरोबर घोट्यावर आणायचा तर तेरा अंशांच्या आसपास झुकावे लागेल. पाय ६.५ सेंटिमीटरवर आणले तर नऊ अंश पुरतात. झुकवताना घोट्यात जेवढा कोन द्याल तेवढाच उलट कोन कंबरेत द्यावा, म्हणजे दोन पाय आणि कंबर मिळून समांतरभुज चौकोन होतो आणि धड उभेच राहते. धड सरळ राहते की नाही याची खात्री झाल्यावर हवे तर फिजिओ_मिरज यांनी सांगितल्याप्रमाणे कंबरेचा कोन दोन-तीन अंशांनी वाढवून धड कलवून पाहावे.

अंदाजाने कोन ठरवण्यापेक्षा मोजमाप करावे. स्वयंपाकघरातील काटा उभ्या राहणाऱ्या पायाखाली ठेवा आणि दुसऱ्या पायाखाली त्याच उंचीचा लाकडी ठोकळा. रोबोला हळूहळू झुकवत जा. काट्यावरील आकडा एकूण वजनाच्या अगदी जवळ पोहोचला की मगच पाय उचलण्याची आज्ञा द्या.

पाय उचलण्याचे गणित आपल्या रोबोत फार सुटसुटीत आहे, कारण मांडी आणि नडगी सारख्याच लांबीच्या आहेत. कंबरेत जो कोन द्याल तोच घोट्यात आणि त्याच्या दुप्पट गुडघ्यात दिला की पाऊल आपोआप जमिनीला समांतर राहते आणि पायाची लांबी चौदा सेंटिमीटर गुणिले त्या कोनाची कोसाइन एवढी होते. १५ अंशांत ती साडेतेरा सेंटिमीटर असते, ३१ अंशांत बारा. म्हणजे पाऊल दीड सेंटिमीटर वर येते, आणि सपाट जमिनीवर तेवढे पुष्कळ आहे. नववीच्या मुलांना त्रिकोणमितीचा याहून चांगला उपयोग मी तरी दाखवू शकणार नाही.

सर्व्होला एकदम अंतिम कोन देऊ नये. तो पूर्ण वेगाने तेथे जातो, सर्वाधिक प्रवाह ओढतो आणि थांबताना धडाला धक्का देतो. एका हालचालीचे चाळीस तुकडे करून दर २० मिलिसेकंदांनी एक तुकडा पाठवावा, आणि सुरुवातीचे व शेवटचे तुकडे लहान, मधले मोठे ठेवावेत. क्रम असा असावा की झुकणे पूर्ण, मग उचलणे पूर्ण, मग पुढे नेणे, मग टेकवणे आणि त्यानंतरच दुसऱ्या बाजूला झुकणे. अशी चाल फार संथ दिसते, पण त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. होंडाने १९८६ मध्ये बनवलेला ई० हा त्यांचा पहिला दोनपायी यंत्रमानव एकेका पावलाला जवळपास पाच सेकंद घेत असे. वेगाने चालताना गुरुत्वमध्य पावलाबाहेर गेला तरी चालतो, पण त्यासाठी सांध्यांचा वेग आणि तोल सतत मोजणारे सेन्सर लागतात. तो पुढच्या वर्षीचा प्रकल्प समजावा.

फरशीवर पाऊल घसरत असेल तर तळाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवावा. तुकडा पावलाच्या कडेबाहेर आला तर त्यालाच अडखळून रोबो पडतो, हे आम्ही दोन दिवस शोधत होतो.

प्रतिसाद : विज्ञानशिक्षिका_सांगली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर देण्यास तीन आठवडे लागले, कारण प्रत्येक बदल एकेक करून पाहायचा आणि वहीत नोंदवायचा असे आम्ही ठरवले होते.

गुडघ्यापाशी, रोबो एका पायावर असताना, दाब ४.१ व्होल्ट निघाला. लिपो, यूबेक आणि वेगळ्या तारा लावल्यावर तो ५.८ व्होल्ट झाला, थरथर बरीच कमी झाली आणि उनो त्यानंतर एकदाही रीसेट झाला नाही. मात्र रोबो पूर्वीइतकाच पडत होता, यावर माझ्या विद्यार्थ्यांचा सुरुवातीला विश्वास बसेना. सहा अंशांच्या झुकावात काट्याने ११८० ग्रॅम दाखवले, म्हणजे ३४० ग्रॅम अजून दुसऱ्याच पायावर होते आणि आम्ही तोच पाय उचलत होतो.

पाण्याच्या बाटलीच्या परीक्षेत दोन सर्व्हो पाच किलो-सेंटिमीटरलाच खचले. त्यांतील एक नेमका उजव्या कंबरेत होता. हे दोन आता घोट्यात गेले आहेत. पाय ६.५ सेंटिमीटरवर आणले, पावले प्लायवूडची केली, मांडी १५ अंशांत ठेवली. कंबरेसाठी दोन २० किलोचे सर्व्हो घेतले, एवढाच काय तो नवा खर्च झाला. कप बेअरिंग चार ठिकाणी बसवलेच नव्हते, ती पिशवीत तशीच होती. एकूण वजन आता १५१० ग्रॅम आहे आणि नऊ अंशांना काटा १४८० दाखवतो. पूर्वी पाय उचलताना कंबर सात मिलिमीटर खाली येत असे, आता दोन मिलिमीटर येते.

काल रोबो वर्गाच्या फरशीवर सलग चौदा पावले चालला. पंधराव्या पावलाला दोन फरशांमधील सांध्यात अडकला. आता मुलांना तो वळवायचा आहे, आणि आमच्या कंबरेत उभ्या आसाभोवती फिरणारा सांधा नाही. आणखी दोन सर्व्हो न लावता वळवता येईल का?

उत्तर : जुना_लेथमास्तर

येईल. डाव्या पायाचे पाऊल लांब आणि उजव्याचे आखूड टाकले की पावले टेकताना जरा घसरून रोबो हळूहळू उजवीकडे वळतो. त्यासाठी तळाचे रबर आड येते, म्हणून ते फक्त पावलाच्या पुढच्या अर्ध्या भागात ठेवा आणि मागच्या अर्ध्या भागाला त्याच जाडीची गुळगुळीत पट्टी लावा. आमच्या रोबोला पूर्ण वळायला बावीस पावले लागत. दोन्ही पाय जमिनीवर असताना, एक पाऊल पुढे आणि दुसरे मागे सरकवूनही वळता येते, पण त्या वेळी कंबरेवर पीळ येतो, तेव्हा ब्रॅकेटचे स्क्रू दर दहा मिनिटांनी तपासत जा. लॉकटाइट (स्क्रू ढिला होऊ न देणारा चिकटद्रव) लावले तरी तपासा.